‘दोनदा मारला की लागतो’ म्हणू नका

जुनी गाडी बघायला गेलात आणि पेडलवर पाय ठेवून “जरा खाली जातंय हो” असं म्हणालात, की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं : “काही नाही, दोनदा मारला की लागतो.” हे वाक्य मी गॅरेजात ऐकलं आहे, वडाप जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ऐकलं आहे, आणि आमच्या घरातही कित्येक महिने ऐकलं आहे. दोनदा मारावा लागतो याचा अर्थ पहिल्यांदा तो लागलेला नाही. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे सरकते. पाय उचलून पुन्हा दाबण्यात तेवढा सेकंद सहज जातो.

आमची गाडी १९९७ची मारुती ८००. पुढे डिस्क, मागे ड्रम. एका मे महिन्यात कराडहून चिपळूणला निघालो होतो. चौघं माणसं, डिकीत सामान. कुंभार्ली घाट उतरताना निम्म्या घाटात लायनर जळल्याचा वास यायला लागला आणि त्यानंतरच्या वळणावर पेडल पायाखालून गेलं. तुटल्यासारखं नाही, ओल्या उशीवर पाय ठेवल्यासारखं. दोनतीनदा पाय मारला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं घट्ट झालं होतं. वडील म्हणाले, “बघ, आला की ब्रेक.” बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत डोकावलो. आतला द्रव कोऱ्या चहासारखा काळपट होता. तो शेवटचा कधी बदलला होता, हे घरात कुणालाच सांगता येईना.

त्या दिवशी काय झालं, ते आधी समजून घेऊ. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण नेहमीच्या डॉट ३ आणि डॉट ४ प्रतीचा हा द्रव तेल नव्हे. तो हवेतला दमटपणा ओढून घेतो. रबरी होजमधून, डबीच्या झाकणातून थोडं थोडं पाणी त्यात मुरत जातं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं, की कॅलिपर इतका तापतो की पाणी मुरलेलं ऑइल आतल्या आत उकळतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर पॅडपर्यंत पोचण्याऐवजी वाफ दाबण्यात संपतो. गाडी थंड झाली, की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल शहाण्यासारखं वागायला लागतं. म्हणूनच हा दोष फसवा आहे. मेकॅनिकला दाखवेपर्यंत तो नाहीसा झालेला असतो.

पण पेडल मऊ लागण्याचं हे एकच कारण नाही. आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पेडल मऊ लागलं की गॅरेजात गाडी लावायची, ‘हवा काढून द्या’ म्हणायचं, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. हवा काढल्याने हवा जाते. ती आत कुठून आली ते कळत नाही. महिन्याभरात तेच पेडल, तेच गॅरेज.

पाना हातात घेण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद ठेवा. बूस्टर असेल तर चारपाच वेळा पेडल दाबून त्यातला व्हॅक्यूम संपवा. आता एकदाच, सावकाश आणि नेटाने दाबा आणि पाय तसाच ठेवा.

पेडल घट्ट टेकलं, पण धरून ठेवल्यावर मिनिटभरात हळूहळू खाली सरकत गेलं, तर तो हवेचा दोष नाही. एक तर कुठून तरी ऑइल बाहेर गळतंय, नाही तर मास्टर सिलिंडरमधले रबरी कप झिजलेत आणि ऑइल दाबाकडून परत डबीकडे निसटतंय. बाहेर कुठेही ओल दिसत नसेल आणि डबीतली पातळीही तशीच असेल, तर संशय मास्टर सिलिंडरवरच. अशा गाडीची दहा वेळा हवा काढली तरी उपयोग होणार नाही.

पेडल पहिल्या वेळी बरंच खाली जातं, भराभर दोनतीनदा मारल्यावर वर येतं आणि वर आल्यावर दगडासारखं घट्ट लागतं, तर मागच्या ड्रममधले शू ड्रमपासून लांब राहिलेत. सिलिंडरचा पहिला सगळा धक्का ते अंतर भरण्यातच जातो. खात्री करायची सोपी युक्ती आहे : हँडब्रेक पक्का ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर लागलं, तर मागचे ब्रेक टाइट करायला झालेत. हे काम अर्ध्या तासाचं आहे, सुटे भाग लागत नाहीत. फक्त जुन्या सीजे-३बी घराण्यातल्या जीपवर ही युक्ती चालत नाही. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो.

पंप मारल्यावर पेडल थोडं वर येतं, पण तिथेही स्प्रिंगसारखं उसळतं, दाब द्याल तसं दबत जातं, तर ती हवा. किंवा फुगणारा होज. किंवा वाकणारा शू. या तिघांचा स्पर्श पायाला जवळपास सारखाच लागतो. त्यांना वेगळं कसं करायचं, ते पुढे येतंच.

आणि पेडल मऊ नसून उलट लाकडासारखं कडक लागत असेल, गाडी थांबवायला दोन्ही पायांचा जोर लागत असेल, तर ती गोष्टच निराळी. बूस्टर तपासा. वर सांगितल्याप्रमाणे व्हॅक्यूम संपवून पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय.

डोळ्यांनी शोधायच्या गोष्टी

आता चाकं काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. खाली पक्के टेकू द्या. ड्रम काढल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की तिथेच राहतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजात पोरं ही धूळ तोंडावर उडवत काम करतात ते पाहून जीव तुटतो. तुमच्या गाडीवर कुणी असं करत असेल तर त्याला थांबवा.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. त्यांची कड हलकेच उचला. आत कोरडं असलं पाहिजे. ओल दिसली, की आतली बकेट, म्हणजे रबरी कप, गेला. जिथून ऑइल बाहेर येतं, तिथून पाय सोडताना हवा आत शिरू शकते, त्यामुळे गळती थेंबाथेंबाची असली तरी पेडल मऊ होतं. कोकणातल्या गाड्यांत मी आणखी एक पाहिलं आहे : सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि मेकॅनिक त्यात फक्त नवी बकेट टाकून देतो. नवं रबर त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत फाटतं. नखाला खड्डा लागला, तर पूर्ण सिलिंडर बदला. इथे काटकसर करू नका.

मग एकाला आत बसवून पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली बघा. दाब पडला की मास्टर सिलिंडर जागेवरून हलतो का? जुन्या, खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तो ज्या पत्र्यावर बसवलेला असतो, तो पत्राच गंजून चिरलेला असतो. पेडल मऊ लागतं, कारण अख्खी भिंत वाकतेय! हे वेल्डिंगचं काम आहे, ब्रेकचं नाही.

पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या रबरी होजवर हात ठेवा. दाबताना बोटांखाली होज फुगतोय असं जाणवलं, किंवा वरच्या रबरावर बारीक भेगांचं जाळं दिसलं, तर दोन्ही बाजूंचे होज जोडीने बदला.

अजूनही नेमकी जागा सापडत नसेल, तर होज दाबून बंद करायचे क्लॅम्प वापरा. गुळगुळीत, गोल ओठांचे क्लॅम्प मिळतात. दातेरी पक्कड लावाल तर चांगला होजही आतून फाटेल. तिन्ही होज, म्हणजे पुढचे दोन आणि मागचा एक, बंद करून पेडल दाबा. तरीही मऊ लागलं, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या जवळच्या लोखंडी पाइपात. घट्ट लागलं, तर एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्याच्या सुटण्याने पेडल खाली जाईल, त्या चाकाकडे दोष. इतकी साधी, इतकी नेमकी दुसरी परीक्षा मला माहीत नाही. मात्र कडक, तडकलेल्या होजवर ती करू नका. तो आधी बदला.

जीपवाल्यांसाठी थोडं वेगळं. सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली असतो. डबी डोळ्यांसमोर नसते, म्हणून ऑइलची पातळी बघायची राहून जाते, आणि चिखलपाणी झाकणावरच साचतं. झाकण उघडण्याआधी भोवतालची घाण स्वच्छ पुसा. वाळूचा एक कण आत गेला तरी कपाची वाट लागते. या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं. एका चाकाचा सिलिंडर फुटला, की चारही ब्रेक जातात. त्यांच्या बाबतीत ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही.

हवा काढताना

दोष सापडला, दुरुस्त झाला, मगच हवा काढायची. आणि त्याआधी ड्रमचे ब्रेक टाइट करून घ्यायचे. शू लांब असताना काढलेल्या हवेनंतरही पेडल खालीच राहतं आणि माणूस उगाच पुन्हा हवा काढत बसतो.

ऑइल सीलबंद बाटलीतलंच घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली कितीही चांगल्या कंपनीची असली तरी नको. ती किती पावसाळे दमट हवा पीत उभी आहे, कुणास ठाऊक. डबीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच. डॉट ३च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळू नका. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल चुकूनही ओतू नका. खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं. डबीच्या झाकणाखालचा रबरी पडदा फुगून वेडावाकडा झालेला दिसला, तर कुणीतरी ही चूक आधीच केलेली आहे असं समजा. मग सगळं रबर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

हवा काढायचा निपल बहुतेकदा ८ किंवा १० मि.मी.चा असतो. रिंग पानाच वापरा. उघड्या तोंडाच्या पान्याने गंजलेल्या निपलच्या कडा गोल होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळचे दोन तास वाचतात. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. आता दोन माणसं लागतात, आणि दोघांची भाषा आधी ठरलेली असावी. आमच्याकडे आतल्याला “दाब” म्हटलं की तो सावकाश दाबतो आणि “दाबलंय” म्हणतो. मग निपल पाव वेढा उघडायचा. बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निपल बंद केल्यावरच “सोड” म्हणायचं. निपल उघडा असताना पाय सुटला, की काढलेली हवा त्याच वाटेने परत आत.

पेडलखाली दीडदोन इंचांचा लाकडी ठोकळा जरूर ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण शेवटपर्यंत कधीच जात नाही, त्यामुळे त्या शेवटच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साठलेला असतो. हवा काढताना पेडल जमिनीला टेकवलं, की रबरी कप त्या गंजावरून घासत जातो आणि फाटतो. ‘हवा काढायला गेलो आणि मास्टर सिलिंडरच गेला’ असं सांगणारे निम्मे लोक याच कारणाने फसलेले असतात, असं माझं मत आहे.

सुरुवात साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून करतात. काही गाड्यांची सर्किटं तिरपी असतात, तिथे क्रम बदलतो. गाडीचं पुस्तक असेल तर ते बघा. दर पाचसहा दाबांनंतर डबी भरा. ती एकदा कोरडी पडली, की पुन्हा पहिल्यापासून. ऑइल नव्यासारखं फिकट पिवळं येईपर्यंत थांबू नका; पूर्ण गाडीला अर्धा ते एक लिटर लागतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग सुटून येतो.

आता आमच्याच गाडीची राहिलेली गोष्ट सांगतो. घाटातून आल्यावर एका गॅरेजात पुढचे कॅलिपर उतरवून दुरुस्त करून घेतले, ऑइल नवं टाकलं. गाडी ताब्यात घेतली, तर पेडल पूर्वीपेक्षा मऊ. तिथे दोनदा हवा काढली, घरी मी एकदा काढली. बुडबुडे येत नव्हते, गळती नव्हती, होज नवे. मास्टर सिलिंडर बदलायचं ठरत आलं होतं. रविवारी सकाळी चाक काढून मी नुसता कॅलिपरकडे बघत बसलो आणि लक्षात आलं, निपल खालच्या बाजूला होता. हवा वर जाते, म्हणून निपल कॅलिपरच्या सगळ्यांत वरच्या टोकाला असावा लागतो. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता. नटबोल्ट सगळे नीट लागले होते, ब्रेकही लागत होता. फक्त वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा खालच्या भोकातून बाहेर पडूच शकत नव्हती. दोन्ही कॅलिपर आपापल्या जागी बसवले, नव्या तांब्याच्या वॉशर घातल्या, हवा काढली. पेडल पहिल्या दाबात वर लागलं. कॅलिपर उतरवायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला असता, तर आठवडा वाचला असता.

एका मऊपणाला मात्र थोडे दिवस द्यावे लागतात. नवे शू किंवा नवे लायनर बसवले आणि त्यांची गोलाई ड्रमच्या गोलाईशी तंतोतंत जुळत नसेल, तर लायनर आधी टोकांवर टेकतो आणि शू किंचित वाकतो. तो वाक पायाला स्पंजसारखा लागतो. शेदोनशे किलोमीटर जपून चालवल्यावर लायनर बसतो आणि पेडल सुधारतं. तेवढ्यात सुधारलं नाही, तर ड्रम लेथवर नेऊन लायनर जुळवून घ्यावे लागतील.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरा आणि चारही चाकांमागे पुन्हा एकदा ओल बघा. मग मोकळ्या मैदानात ताशी १०, मग २०च्या वेगाने थांबून बघा. हँडब्रेक लागतोय याची खात्री आधीच केलेली असू द्या. नव्या लायनरचा तो किंचित मऊपणा सोडून पेडल पहिल्या दाबात घट्ट लागत नसेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका. गॅरेजपर्यंतसुद्धा टो करून न्या. आणि घाटात जुना नियम पाळा : ज्या गिअरमध्ये चढावं लागेल, त्याच गिअरमध्ये उतरायचं.

आमच्या मारुतीच्या डबीवर आता पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर ऑइल बदलल्याची तारीख बॉलपेनने लिहिलेली असते आणि दोन वर्षं झाली, की दिसण्यात ते कितीही स्वच्छ असलं तरी आम्ही बदलतो. तुमच्या गाडीचं बॉनेट आज संध्याकाळी उघडा. डबीतलं ऑइल कधीचं आहे हे घरात कुणालाच सांगता आलं नाही, तर पावसाळ्याआधी ते बदलून घ्या.